गावाचा अंगठा

आमच्या वैशाखऱ्यात माणसं पुष्कळ आहेत, अंगठे मात्र नाहीत. म्हणजे हाताला आहेत, तंबाखू मळायला आणि एकमेकांना दाखवायला उपयोगी पडतात. पण सरकारी मशीनवर ठेवले की मशीन म्हणतं, इथं कोणी नाही. बांधाचे दगड रचून, राब भाजून, आवण उपटून, भाताच्या पेंढ्या बांधून त्यांच्यावरच्या रेघा कधीच पुसल्या गेल्यात. रेशनच्या दुकानातली आमची रांग बघावी. कोणी अंगठा डोक्याच्या तेलात घासतो, कोणी लुगड्याला पुसतो, कोणी त्याच्यावर फुंकर घालतो. बारकी म्हातारीनं एकदा अंगठा टेकवून टेकवूनही मशीन गप्पच राहिलं तेव्हा दुकानदाराला विचारलं, "मी मेले काय रे? मेले असेन तर सांग बाबा, घरी जाऊन रडायला बसते."

अख्ख्या गावात एकच अंगठा असा होता की टेकवला की हिरवा दिवा लागलाच. तो सावळारामचा. उजवा.

याचं कारण मी गावाला निरनिराळ्या प्रकारे सांगितलेलं आहे. लहानपणी सावळारामनं माळशेजच्या कड्यावरच्या पोळ्यात अंगठा घातला आणि राणीमाशी त्यावर सही करून गेली, हे लोकांना जास्त आवडतं. खरं कारण अगदीच फुसकं आहे. सावळाराम डावखुरा. कोयता डाव्या हातात, विळा डाव्या हातात, नांगराची मूठ डाव्या हातात. उजवा हात जन्मभर पाहुण्यासारखा नुसता बरोबर हिंडला, म्हणून त्याचा अंगठा नव्या नवरीच्या तळव्यासारखा राहिला.

सावळाराम माझ्याच वयाचा. आम्ही दोघे एकाच वर्षी जन्मलो असं आमच्या दोघांच्या आया सांगायच्या. कोणत्या वर्षी, ते दोघींनाही ठाऊक नव्हतं. त्याचा मुलगा भावेश तापानं गेला तेव्हा नात कुणाली रांगत होती. सून देवकी माहेरी शहापूरला परत गेली असती तर कोणी नाव ठेवलं नसतं, पण ती राहिली. तिघांचं घर. कुणालीला पाठीवर घेऊन सावळाराम ओढा ओलांडायचा, आणि ती मोठी झाली, कबड्डी खेळायला लागली, दहावीत गेली, तरी ओढ्याला पाणी आलं की तो पाठ वाकवून उभा राहायचा. ती म्हणायची, "आजा, आता मी तुला घेते, चल बस."

शाळा मोबाइलात शिरली होती ना, त्या काळानंतरची पहिली म्हशाची जत्रा. म्हशाच्या जत्रेबद्दल काय सांगू! एका वर्षी तिथं असा लांब बैल आला होता की तोंड मुरबाडच्या नाक्यावर आणि शेपूट अजून सरळगावात. हे मी गेली कित्येक वर्षं सांगतोय आणि अजून कोणी मोजायला गेलेलं नाही. तर त्या जत्रेत घोंगड्यांच्या पालांशेजारी रंगीत छत्रीखाली एक सिमवाला बसला होता. सिम फुकट, वर महिनाभराचं बोलणंही फुकट. फुकट म्हटल्यावर आमचं गाव तिथं जमलं. पण मशीन आलं की आमचं घोडं अडलंच.

"काका, तुमचा अंगठा येत नाही," सिमवाला गोजरला म्हणाला.

गोजर म्हणजे सावळारामचा शेजारी. भिंतीला भिंत. तो म्हणाला, "मग काय हात कापून ठेवू?"

"कोणाचा तरी येत असेल तर त्याच्या नावावर घ्या. वापरायचं तुम्ही. काय फरक पडतो?"

सगळ्या माना सावळारामकडे वळल्या. तो गर्दीतून असा पुढं आला, जसा देवाच्या पालखीला पहिला खांदा द्यायचा आहे. "सर बाजूला रे," म्हणाला आणि अंगठा टेकवला. गोजरचं सिम झालं, बारकीचं झालं, सकुबाईचं झालं. उन्हं कलेपर्यंत तो तिथंच उभा. मी शेजारी गुडदाणी खात होतो, म्हणून मला नीट आठवतं. मधूनमधून तो सिमवाला म्हणायचा, "आजोबा, आला नाही. परत दाबा."

"माझा? माझा येत नाय?"

"थंडीनं होतं. परत दाबा."

मी म्हणालो, "सावळ्या, तुझा पण झिजला रे."

त्याला असा राग आला की तो मशीन फुटेल एवढ्या जोरानं दाबायला लागला. एका सिमसाठी दोनदा, कधी त्याहून जास्त. परत येताना टेम्पोत सगळ्यांनी त्याला मध्ये बसवलं आणि गोजरनं जाहीर केलं, "हा काय एकट्याचा अंगठा नाय. हा गावाचा अंगठा."

सावळाराम टेम्पोभर हसत होता. तो अंगठा त्यानं तेवढ्या वाटेपुरता मुठीत झाकून घेतला होता, कोणी चोरेल म्हणून.

पुढं दोन-तीन जत्रा झाल्या. मग कुणालीचं प्रकरण झालं.

तिच्या मोबाइलवर एक मुलगी बोलायला लागली होती. मी पण कबड्डी खेळते, म्हणायची. निवडीचं शिबिर आहे, तुझं नाव घालते, म्हणायची. बरेच दिवस नुसत्या गप्पा. मग संघाच्या कपड्यातला फोटो मागितला, कुणालीनं दिला. मुलगी वगैरे कोणी नव्हतीच, बोलणारा एक बाप्या होता. त्यानं कुणालीचं तोंड उचलून कुणाच्या तरी उघड्या अंगावर चिकटवलं आणि तिलाच पाठवलं. खाली लिहिलं, आता मी सांगेन तसे फोटो पाठव, नाहीतर हा तुझ्या शाळेत जाईल.

पोरगी जेवेना. मैदानावर जाईना. एके दिवशी देवकीला भाताच्या कणगीत हात घालताना मोबाइल लागला. पोरीनं तो तिथं पुरला होता, आणि आत तो कुरकुरत होता. देवकीनं पोरीला पोटाशी धरलं, मग तिथूनच, अंगावरच्या लुगड्यानिशी, मुरबाडला पोलिसात नेलं. नदीला पूर आला तरी देवकी पलीकडं जाईल, अशी ती बाई.

तिथं संजीवनी मॅडम म्हणून फौजदार होत्या. पोरीशी हळू बोलल्या, बाहेरच्या खोलीत बसवून, वर्दी न घालता. मग देवकीला, सावळारामला आणि सोबत गेलेल्या मला त्यांनी समजावलं. मोबाइलातल्या ज्या ॲपवरून तो बोलतो त्याची कंपनी लांब. पोलिसांनी पत्र धाडलं तर ती म्हणते, कोर्टाचा हुकूम आणा. कोर्टाचा हुकूम न्यावा तर म्हणते, थांबा, आमचे वकील वाचतायत. तोवर तो माणूस शंभर पोरींशी बोलून घेतो.

"मग त्या कंपनीला कान धरून विचारणारा कोणी नाय काय?" सावळारामनं विचारलं.

"राज्याचा तसा कायदा करायचं चाललंय, आजोबा. पोरांच्या बाबतीत न्यायाधीशानं हुकूम काढला की कंपनीनं ठरल्या मुदतीत नाव द्यायचंच. नाही दिलं तर दंड. पण तो व्हायचाय अजून. आज आहे त्यात भागवायचं."

न्यायाधीशांनी हुकूम दिला. तो गेला. आणि सावळाराम रोज पहिल्या एसटीनं मुरबाडला जाऊन ठाण्याच्या ओट्यावर बसायला लागला. आल्यागेल्या शिपायाला विचारायचा, "नाव आला काय?" घरी कोयत्याला धार लावून ठेवली होती. मी म्हणायचो, "सावळ्या, तुझ्या हातानं कोंबडी कापताना कोंबडी हसते, माणूस काय कापणार?" तो म्हणायचा, "नाव तर कळू दे."

मुदत नव्हतीच, म्हणून कंपनीनं तिच्या सवडीनं घेतलं. होळी होऊन गेल्यावर उत्तर आलं. देवकीला बोलावणं आलं. आम्ही दोघे म्हातारे तिच्यासोबत गेलो आणि बाहेर ओट्यावर बसलो. दार उघडंच होतं. संजीवनी मॅडमनी कागद बघितला, देवकीकडे बघितलं, आणि आवाज खाली आणून विचारलं, "सावळाराम म्हणजे ते आजोबाच ना?"

"सासरे. भायेर बसलेत." 

देवकीनं विचारलं, "का? नाव आला काय?"

"हेच आलंय."

ओट्यावर सावळाराम मला सांगत होता की यंदा कुणालीला नवे बूट घ्यायचे. देवकी दारात आली. रोज हाक मारायची त्याच शब्दानं तिनं हाक मारली, "आबा, आत या," पण त्या हाकेत रोजचं काहीच नव्हतं.

त्या मोबाइलातल्या खोट्या मुलीमागं एक नंबर होता, आणि तो नंबर ज्या सिमचा ते सिम सावळारामच्या अंगठ्यावर निघालेलं होतं. एकच नाही, त्याच्या नावावर नंबरांची माळच होती.

सावळाराम आधी घाबरला, मग हसायला लागला. "हां हां, ती! ती गावाची हायत, मॅडम! मी नुसता अंगठा दिला. माझ्याकडं तर मोबाइलच नाय. ह्यातला कोण्या तरी घरातला असंल तो, सापडला बघा!" त्याला वाटलं, माणूस आता हातात आलाच.

मॅडम म्हणाल्या, "उद्या गावात येते. ज्याच्याकडे तुमचं सिम आहे त्यानं घेऊन यायला सांगा."

तिथंच चूक झाली. पण ती कोणाची म्हणावी? सांगायला नको होतं म्हणावं, तर माणुसकीनं सांगितलं. सावळाराम घरोघर हिंडला, आपल्याच तोंडानं निरोप देत. घरी कुणालीनं विचारलं, "आजा, नाव कळला?" तो म्हणाला, "माझाच निघाला गो! अगो, म्हणजे माझा नाय, उद्या बघ तू." आणि हसला. ती हसली नाही.

त्या संध्याकाळी गावातल्या चुलींना प्लॅस्टिक जळाल्याचा वास येत होता. ज्याचं सिम सापडेल तो पोक्सोत आत जाईल, जामीनही नाही, असं कोणीतरी पसरवलं होतं. पसरवणाऱ्याचं नाव मला ठाऊक नाही, आणि असली बातमी पसरवायला माणूस लागतोच असंही नाही.

दुसऱ्या दिवशी समाजमंदिरात सगळं गाव बसलं. संजीवनी मॅडमनी विचारलं, "यांच्या नावाचं सिम कोणाकोणाकडे आहे?"

सावळाराम म्हणाला, "अरे सांगा ना. गोजर, तुझा नाय काय?"

गोजर जमिनीकडे बघत म्हणाला, "माझा माझ्या पोराच्या नावावर हाय."

"सकुबाई?"

"आमाला काय ठावं बाबा. आमी कुठं गेलो जत्रंला?"

"बारके, तुझा तर मीच तुझ्या हातात ठेवला!"

बारकी म्हातारीनं पदर तोंडाला लावला. "माझ्याकडं मोबाइल कसला रे. मला दिसत तरी काय?"

मॅडमनी खिशातून स्वतःचा मोबाइल काढला आणि कागदावरचा एकेक नंबर लावायला सुरुवात केली. स्पीकरवर. बंद आहे. बंद आहे. हा क्रमांक सध्या बंद आहे. तीच बाई, तोच गोड आवाज, पुन्हा पुन्हा. कालपर्यंत ज्या नंबरांवर आम्ही एकमेकांच्या म्हशी हरवल्याचं सांगत होतो, त्यातला एकही वाजला नाही. आता कोणीही बघितलं असतं तर एवढंच दिसलं असतं: एका म्हाताऱ्याच्या नावावर एवढी सिमं, आणि चौकशी आली म्हणताच सगळी बंद.

मला राहवेना. मी उठलो आणि जत्रेतलं सगळं सांगितलं. छत्री, गुडदाणी, गोजरचा न उठलेला अंगठा, आणि ते 'परत दाबा'. "मॅडम, एकेक सिम देताना तो जास्तीची काढून घेत होता. ती त्यानं कोणाला विकली देव जाणे. ह्याचा अंगठा एका दमात येणारा, तो त्याच दिवशी का येईना?" एक शब्द वाढवला नाही. आयुष्यात इतकं कोरडं मी कधी बोललो नव्हतो.

गोजर हसला. मोठ्यानं नाही, सुटका झाल्यासारखा. "मॅडम, ह्या नवशाचा काय ऐकता? ह्याच्या बैलाचा तोंड मुरबाडला नि शेपूट सरळगावला असतो. विचारा कोणाला पण."

आणि सगळं गाव हसलं. भ्यालेली माणसं हसतात तसं, एकमेकांकडे बघत. मी सावळारामकडे बघितलं. तो माझ्याकडे बघतच नव्हता. तो दाराकडे बघत होता. दारात कुणाली उभी होती. ती कधी आली कोणी पाहिलं नव्हतं, पण ते 'बंद आहे, बंद आहे' तिनं सगळं ऐकलं असावं. ती वळली आणि घराकडं चालत गेली. सावळारामनं हाक मारली, "कुणाली, अगो—" ती पळायला लागली.

सावळारामला जीपमधून मुरबाडला नेलं, विचारून सोडलं, पुन्हा नेलं. मॅडमनी त्याला मारलं नाही की शिवी दिली नाही. पण जीप दारात येणं हीच शिवी असते. मोबाइलवरून मोबाइलवर बातमी फिरली, नातीला छळणारा आजाच. नवी सिमं घेऊन लोकांनी पहिला निरोप हाच पाठवला म्हणा ना.

घरी देवकी त्याला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त कुणालीचं अंथरूण ओसरीवरून आतल्या खोलीत नेलं आणि आतून कडी लावली. मग परीक्षा होताच पोरीला शहापूरला, आपल्या भावाकडं, पंकजकडं पोचवून आली. सावळाराम उठून गोठ्यात झोपायला लागला. कोणी सांगितलं नव्हतं.

संजीवनी मॅडमनी पुन्हा कोर्टात अर्ज केला. त्या सिमचा मोबाइल कुठं होता, कुठल्या टॉवरखाली होता, हे फोनकंपनीनं सांगावं म्हणून. पुन्हा हुकूम, पुन्हा कंपनी, पुन्हा सवड. माझं म्हणणं त्यांना पटलं होतं, असं त्या मला पुढं म्हणाल्या. पण पटणं कोर्टात चालत नाही. तोवर त्या माणसानं, मागितलेले फोटो मिळेनात म्हणून, ते चिकटवलेलं चित्र सोडून दिलं. शाळेत गेलं, मुरबाडच्या पोरांत गेलं. कुठंकुठं गेलं ते सांगायला कुठलं कोर्ट नाही.

लावणी झाली होती तेव्हाची गोष्ट. मी सावळारामच्या शेतावर गेलो तर तो बांधावर पाठमोरा बसलेला, कोयत्याची धार काढायचा दगड मांडीवर घेऊन. मला वाटलं, कोयता घासतोय. जवळ गेलो तर कोयता नव्हताच. उजवा अंगठा घासत होता. दगड लाल झालेला.

मी दगड हिसकावला. "येडा झाला काय रे सावळ्या?"

"त्याला कामाला लावलंय," तो म्हणाला. शांतपणे, जसं बैलाबद्दल बोलावं. "जन्मभर बसून खाल्ला. डाव्यानं सगळं केला, ह्यानं काय केला? घरात माणूस आणून सोडला."

मी धोतराचं टोक फाडून बांधलं. इतक्या वर्षांत त्याची थट्टा करायला मला काही सुचलं नाही, असं कधी झालं नव्हतं. त्या दिवशी सुचलं नाही.

भात पोटरीला आलं तेव्हा दुसरं उत्तर आलं. तो मोबाइल आमच्या तालुक्यात कधी फिरकलाच नव्हता. दूरच्या एका शहरात एक माणूस भाड्याच्या खोलीत बसून हे करत होता. त्यानं बाजारातून चालू सिमांचा जुडगाच विकत घेतला होता. त्याच्याकडं कुणालीसारख्या कितीतरी पोरींची चित्रं सापडली. वैशाखरे कुठं आहे हे त्याला ठाऊकही नव्हतं. मॅडम स्वतः गावात आल्या, समाजमंदिरात सगळ्यांना बसवून सांगितलं, की या आजोबांचा काही दोष नाही. कोणी मान वर केली नाही.

मग एकेक जण यायला लागला. गोजर परसातली मोठी काकडी, एक तवसं, घेऊन आला, ओसरीच्या कडेला बसला. "भ्यालो रे आमी. पोराबाळांची घरं."

"हां," सावळाराम म्हणाला.

"तू पण असाच केला असता."

सावळारामनं त्यावर विचार केला, खरंच केला. "नसता रे," म्हणाला.

जाताना गोजर घुटमळला. "तो नवा सिम पोराच्या नावावरचा, त्याचा पॅक महाग पडतो. रेशनवाला पण आता कायतरी परत अंगठा मागतोय म्हातारीच्या नावासाठी. तुझा जर—"

सावळारामनं उजवा हात पुढं केला. अंगठ्यावर नवी कातडी आली होती, गुळगुळीत, आमच्या सगळ्यांसारखी. गोजरनं बघितलं आणि तवसं तिथंच ठेवून उठला. मी हसलो असतो, पण सावळाराम ते तवसं चिरायला विळा शोधत होता आणि त्याचे डोळे भरलेले होते, विळा समोर असून त्याला दिसत नव्हता.

नंतर शहापूरला आमदारांची एक समिती आली. तो नवा कायदा करावा की नाही, लोकांचं म्हणणं काय, ते ऐकायला. संजीवनी मॅडमनी सावळारामला बोलावलं. मला वाटलं जाणार नाही. तो धुतलेला सदरा घालून पहाटेच्या एसटीला उभा. देवकीनं भाकऱ्या बांधून दिल्या. कुणालीसाठी वेगळं गाठोडं दिलं, त्यात वाळवलेली बोरं आणि नाचणीचं पीठ. "आबा, जाऊन या तिच्याकडं," म्हणाली. तिनं त्याला वाकून नमस्कार केला. तो बिचकलाच.

सभागृहात खुर्च्या होत्या, पंखे होते, पाण्याच्या बाटल्या होत्या. एक काळ्या कोटातला वकील बराच वेळ बोलला, की असा हुकूम सोपा केला तर उद्या कोणाचंही नाव कोणीही मागवेल, निरपराध माणसं भरडली जातील. त्याचं खोटं नव्हतं. समितीच्या बाईंनी सावळारामकडे बघितलं. "आजोबा, तुमच्यावर तर वेळ आलेली. तुम्हाला काय वाटतं, हा अधिकार द्यावा की नको?"

सावळाराम उभा राहिला. दोन्ही हात कुठं ठेवावेत त्याला कळेना. 

"द्या," म्हणाला. "लवकर द्या. दुसरा कागद चार दिवसांत आला असता तर माझ्या पोरीचा तो फोटो गावोगाव गेला नसता. मला काय, मला दोनदा धरा."

बाई लिहून घेत होत्या.

"पण नाव आला म्हंजे माणूस आला, असा नका धरू. नाव माझ्या दारात आला. माणूस तिकडं खोलीत बसून जेवत होता." 

त्याला अजून बोलायचं होतं, ओठ हलत होते, पण घंटी वाजली. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. आम्हाला चहा आणि क्रीमची बिस्किटं दिली. कायदा झाला की नाही ते मला ठाऊक नाही. विचारायला गेलो की लोक म्हणतात, चालू आहे.

पंकजचं घर बाजाराच्या मागं, एका गल्लीत. कुणालीनं दार उघडलं. वाळली होती. केस कापलेले. पंकजची बायको शीतल आतून म्हणाली, "अगो, आजाला पाणी दे." तिनं दिलं. सावळारामनं तांब्या दोन्ही हातांनी धरला.

"इथं अकरावीला नाव घातलं," ती म्हणाली.

"बरा केला. कबड्डी?"

"नाय खेळत."

बाहेर कोणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. सावळारामनं गाठोडं पुढं सरकवलं. ती गाठ सोडायला बसली, सुटेना. तो मदतीला वाकला तशी ती एकदम मागं सरकली, अंग चोरून. मग तिच्याच लक्षात आलं आणि ती गाठोड्यावर डोकं टेकवून रडायला लागली.

"आजा, मला वाटला होता, तूच," ती म्हणाली. "त्या दिवशी, समाजमंदिरात. मला खरंच वाटला."

"वाटणारच गो. कागद होता ना."

"रोज पाठीवर घेतलास तू मला."

"अगो, कागद होता," तो परत म्हणाला. त्याच्याकडं दुसरं काही नव्हतं तिला द्यायला.

तिनं डोळे पुसले. "मला दिवाळीला नको बोलवू. येईन मी. पण आत्ता नको. तुझ्याकडं बघितला की मलाच माझी लाज वाटते."

तो म्हणाला, "तू येशील तवा ये."

निघताना शीतल म्हणाली, "कुणाली, एसटी स्टँडपर्यंत जा सोडायला, बाई. आजा एवढा लांबून आला." कुणालीनं चपला घातल्या, ओढणी डोक्यावरून घेतली. आम्ही गल्लीतून निघालो. ती आजाच्या डाव्या बाजूनं चालत होती. सावळाराम पाय हळू टाकत होता, गल्ली लवकर संपू नये म्हणून.

कोपऱ्यावरच्या पानाच्या टपरीपाशी चारपाच पोरं मोबाइलात डोकं घालून उभी होती. एकाच मोबाइलात. कशाला तरी हसत होती. क्रिकेट असेल, काहीही असेल. त्यातल्या एकानं सहज मान वर केली आणि आमच्याकडं बघितलं.

कुणाली थांबली. 

"आजा, इथूनच जा," ती म्हणाली.

सावळारामनं पोरांकडं बघितलं, मग तिच्याकडं. तो मध्ये उभा राहिला, त्यांच्या आणि तिच्या मध्ये, सदऱ्याची बाही लांब करत, जसा त्या एवढ्याशा अंगाचा आडोसा होणार होता. "जा गो तू," म्हणाला. "मी हाय इथं. तू आत जाईपर्यंत हाय."

ती भिंतीच्या कडेनं, मान खाली घालून, भरभर परत गेली. दार लागल्याचा आवाज आला. सावळाराम तिथंच उभा राहिला. आमची गाडी गेली, तरी उभा राहिला.